तीन मोसमांची बंदूक

डांबरी खपल्यांचं छप्पर वीस वर्षं टिकतं. गारांच्या पट्ट्यात पंधरा धरायची.

फेझंट या रानपक्ष्याचा नर उडायच्या आधी पळतो. ज्याला हे माहीत नाही तो आभाळाकडे बघत चालतो.

किरणोपचार सुरू करण्यापूर्वी छातीवर ठिपके गोंदतात. मोहरीएवढे, निळे. यंत्र रोज त्याच जागी लागावं म्हणून. नंतर ते तसेच राहतात.

लवॉन वहिनीच्या लिंबाच्या वड्या खालून करपलेल्या असतात आणि सगळ्यात आधी संपतात.

बाबांनी शेवटच्या हिवाळ्यात हेरिंगची छोटी बरणी आणली.

"किती मोसम चालवायचीय तुम्हाला?"

हे शेवटचं वाक्य गार्थचं, आणि त्यात खरं तर काहीच नव्हतं. सू फॉल्सच्या त्या दुकानात गार्थ बंदुका विकतच म्हातारा झाला होता, आणि गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो मागच्या कपाटाला हात लावत नसे: काय मारणार, आणि किती मोसम चालवणार. आर्डिस क्वामेनं पहिल्याचं उत्तर दिलं होतं, फेझंट. दुसऱ्यासाठी तिनं तोंड उघडलं आणि शब्द बाहेर यायच्या आधीच डोक्यात कुणीतरी शांतपणे म्हणालं, तीन. आवाज तिचाच होता. कचेरीत ती फोनवर बोलते तो. आपल्या आत असा एक आकडा तयार होऊन बसलाय हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिनं तोंड मिटलं, मग म्हणाली, "बघू."

"बघू म्हणणारे लोक जास्त पैसे घालवतात," गार्थ म्हणाला आणि काउंटरवर जाजमाचा तुकडा पसरून त्यानं एकेक करून तीन बंदुका त्यावर ठेवल्या, दवाखान्यात बाळं ठेवतात तशा. "ही तुर्की. वायूवर चालते. बार उडाला की त्यातलाच थोडा वायू मागं फिरतो, रिकामं काडतूस फेकतो, पुढचं आत घेतो. धक्का त्यातच जिरतो. खांद्याला कमी लागतं. नाकाकडून जड आहे. पाच-सहा मोसम काही बोलणार नाही."

"आणि मग?"

"मग कुरकुरेल. माझ्यासारखी." त्यानं दुसरीवर बोट ठेवलं. "ही इटालियन. तुमच्या व्हर्लिनकडे हीच आहे. हिला वायूबियू लागत नाही, धक्क्यावरच चालते. हलकी. चिखलात पडली, उचलली, चालू. पण खांदा तुमचा. आणि ही तिसरी, हीपण इटालियनच, पण वायूवाली. हलकीही आणि मऊही. हिच्या किमतीत तुर्की चार येतात, ते खरं. पण ही तुमची नातवंडं वापरतील."

"मला नातवंडं नाहीत."

"मग भाचे वापरतील."

"भाचा पोर्टलंडला असतो. मांस खात नाही."

"मग त्याला ठेवायला द्या. भिंतीवर छान दिसते." गार्थनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बारीक झालात हो तुम्ही."

"छपरं चढून."

ते खोटं होतं. एप्रिलपासून छपरांवर कचेरीतला दुसरा माणूस चढत होता, आणि ती टेबलाशी बसून त्यानं काढलेल्या फोटोंवरून गारांचे खड्डे मोजत होती. पण पंचवीसेक वर्षं तीच चढत होती. दक्षिण डकोटात गारा पडल्या की विमा कंपनी तिला पाठवायची, ती शिडी लावायची, वर जाऊन गुडघ्यावर बसायची, खडूनं खड्ड्यांभोवती गोल काढायची, खपली अंगठ्यानं वाकवून बघायची. वाकते की मोडते. खाली अंगणात घरमालक डोळ्यांवर हाताची सावली करून उभे असायचे. तिथून तिला फक्त त्यांची उघडी तोंडं दिसायची. मग ती उतरायची, हात पुसायची आणि सांगायची, याचं अजून सात वर्षं आयुष्य आहे. किंवा चार. किंवा हे गेलं, पण गारांनी नाही, वयानं. लोक वाद घालायचे, पण आकडा मिळाला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. ब्रँडनमधल्या एका बाईनं तर तिला आत बोलावून कॉफी पाजली होती, आकडा दोन होता तरी. म्हणून मार्चमध्ये ती डॉक्टरांसमोर बसली तेव्हा तिनं रडणं वगैरे काही केलं नाही, नुसतं विचारलं, किती? डॉक्टर तिच्याहून वीस वर्षांनी लहान होता, त्याच्या टेबलावर मुलीनं केलेला मातीचा बेडूक होता. तो म्हणाला, तसं नसतं ते, आपण बघत राहू. ती म्हणाली, मी हेच काम करते, अंदाज चालेल. तो म्हणाला, "मिस क्वामे, मी छपरं बघत नाही." हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. तिलाही ते पटलं होतं. पण आकडा मागून झाल्यावर तो न मिळाल्याची जी जागा राहते ती रिकामी राहिली नव्हती, एवढंच आता कळत होतं. तिथं कुणीतरी येऊन बसलं होतं.

गाडीत बसून तिनं चावी फिरवली नाही. तीन कुठून आला? ठिपके तीन आहेत, एक मध्ये आणि दोन कडेला. एका दिवसात एका माणसाला तीन नर मारता येतात, मादी मारायची नाही, तसा कायदा आहे. काउंटरवर बंदुका तीन होत्या. यातलं काहीही कारण असू शकत होतं आणि म्हणून यातलं काहीच नव्हतं. समोरच्या काचेवर एक मेलेला टोळ चिकटला होता, त्याचा एक पाय वायपरखाली. रस्त्यापलीकडच्या दुकानावर हिवाळी टायरांची पाटी लागली होती. चार टायरांचा संच घ्या. आपल्या टायरांना किती हिवाळे झाले याचा विचार तिच्या मनात आपोआप सुरू झाला आणि तिनं तो थांबवला, कारण आता तो विचार टायरांचा राहिला नव्हता. गार्थच्या एका वाक्यानं वस्तूंची शिवण उसवली होती. घरातली पाणी तापवायची टाकी. निळा कोट. कुत्रं घ्यावं का, हा प्रश्न दोन वर्षं पडून होता. कुत्रं बारा वर्षं जगतं.

उजवीकडचं काढलं तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. त्यानंतर किरणं. तिथली कातडी आता उन्हात वाळवलेल्या चामड्यासारखी घट्ट आहे, आणि दंडाच्या आतल्या बाजूला एक पट्टा आहे जिथं काहीच कळत नाही. तिथं हात ठेवला तर तो दुसऱ्या कुणाच्या दंडावर ठेवल्यासारखा वाटतो. बाबांची जुनी बंदूक, पुढची मूठ मागंपुढं ओढून काडतूस भरायची ती, तिनं जूनमध्ये घरी, पडदे ओढून, रिकामीच खांद्याला लावून पाहिली होती. दस्ता छातीशी इतका नीट बसला की तिला हसू आलं. चौदाव्या वर्षापासून दस्त्याची टाच एका गोष्टीला अडत होती आणि बाबा ओरडत होते, नीट लाव, नीट लाव. आता नीट लागली. मग तिनं शेतावर जाऊन एक बार काढला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती बंदूक गवतावर ठेवून खाली बसली, आणि बराच वेळ तिला वाटत राहिलं की छातीत कुणीतरी दार लावलं आणि बोट चौकटीत राहिलं.

व्हर्लिनला, तिच्या थोरल्या भावाला, ती काही बोलली नाही, पण त्यानं शेतावरच्या घराच्या खिडकीतून पाहिलं होतं. संध्याकाळी फोन. "मऊ बंदूक घे. आपोआप भरणारी. मी आणि लवॉन मिळून देतो. ती वरच्या किमतीची, वायूवाली. गार्थशी बोलू का?"

"मी बघते."

"तू काय बघणार, तू तर बाबांसारखी सेलोटेप लावून चालवशील."

"व्हर्लिन, मी बघते म्हटलं ना."

त्यांच्याकडे मोसमाचा पहिला दिवस ऑक्टोबरमधल्या शनिवारी येतो आणि त्याची रीत ठरलेली आहे. उभ्या मक्याच्या पट्ट्यातून माणसं रांगेनं चालतात, हाकेच्या अंतरावर एकेक, आणि पक्षी त्यांच्यापुढं पळत राहतात. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन-तीन जण उभे असतात. पळायला जागा उरली नाही की पक्षी उडतात. टोकाला उभं राहणं वाईट नाही. तिथं उलट जास्त पक्षी मिळतात. पण क्वाम्यांच्या शेतावर टोकाला जातो तो गुडघे गेलेला, किंवा पेसमेकर बसवलेला, किंवा बंदूक भरवशाची नसलेला. आणि एकदा टोकाला गेलेला माणूस रांगेत परत आल्याचं कुणाला आठवत नाही. असा नियम कुणी केलेला नाही. मामा गेला, परत आला नाही. बाबा गेले. त्या वर्षी बाबांना दुमडती खुर्ची दिली होती, ते तिच्यावर बसले नाहीत, तिला टेकून उभे राहिले, आणि आर्डिस मक्यातून चालत बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ती खूप लांबच्या गावाहून आली होती. रांग कशी लावायची ते आता व्हर्लिन ठरवतो.

हेरिंगची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. व्हिनेगरमधले हेरिंग मासे बाबा मोठ्या बरणीत आणायचे, काचेची, दोन हातांनी धरायची. त्या डिसेंबरात तिनं फ्रिज उघडला आणि वरच्या कप्प्यात छोटी बरणी होती. बाबा कंजूष नव्हते आणि त्यांची भूकही गेली नव्हती. बरणी बघून तिला दुःख झालं नाही, राग आला. एवढा नीटनेटका हिशोब कुणी मागितला होता? तिनं दुसऱ्या दिवशी मोठी आणून ठेवली. ती फेब्रुवारीत तिनंच संपवली, उभ्या उभ्या, ओट्याशी.

सोमवारी ती दुकानात गेली आणि तुर्की बंदूक घेऊन आली.

याची कारणं तिच्याकडे होती, आणि ती खोटी नव्हती. तिनं तीनही बंदुका पुन्हा हाताळल्या होत्या, कुठलीही घाई न करता. वरची इटालियन उचलली की उचलल्यासारखी वाटतच नव्हती. ती खांद्याला आली आणि डोळा आपोआप नळीच्या रेषेत गेला, जसा ओळखीच्या घरात अंधारात दिव्याच्या बटनावर हात जातो. तुर्कीचा घोडा दाबताना आत कुणीतरी खुर्ची ओढल्यासारखं वाटत होतं. काडतूस भरायच्या तोंडाशी कड धारदार होती, अंगठ्याचं कातडं निघालं. प्लास्टिकच्या दस्त्याला वाण्याच्या पिशवीचा वास येत होता. पण धक्का, गार्थ म्हणाला आणि कागदपत्रंही म्हणत होती, जवळपास तेवढाच मऊ. पक्ष्याला नळीवरचं नाव वाचता येत नाही. छर्रे तेच. म्हणजे जो फरक उरतो तो टिकण्याचा, आणि न वापरल्या जाणाऱ्या वर्षांसाठी कुणी कशाला खर्च करावा. हे तिनं शेकडो घरमालकांना सांगितलं होतं. दहा वर्षांत घर विकणार असाल तर तीस वर्षांचं छप्पर घालू नका. गार्थनं खोकं बांधताना विचारलं, "मग ठरलं, किती मोसम ते?" ती म्हणाली, "पुरेल." तो म्हणाला, "पुरेल हे बरोबर उत्तर आहे."

बंदूक दिवाणखान्यात कोचावर ठेवली. रात्रभर ती तिथंच होती. सकाळी कॉफी घेऊन ती समोरच्या खुर्चीत बसली. बंदूक देखणी नव्हती, कुरूपही नव्हती. पाहुणीसारखी होती, थोडे दिवस राहायला आलेली, बॅग न उघडलेली.

काय मोजलं मी? किंमत. वजन. धक्का. आणि.

बुधवारी संध्याकाळी क्लबवर मातीच्या तबकड्या उडवतात. गव्हाच्या कोठारांच्या मागं, पाच खुणांच्या अर्धवर्तुळात पाच जण उभे राहतात, खड्ड्यातलं यंत्र नारिंगी तबकडी फेकतं. आत मटणाचे तुकडे काडीला टोचून तळत असतात आणि खारी बिस्किटं बरोबर देतात. एल्डन क्लबचं सगळं बघतो. पूर्वी पोस्टमन होता, अजूनही सगळ्यांच्या घराचा नंबर सांगतो. व्हर्लिन आधीच आला होता. त्यानं तिचं खोकं पाहिलं, खोक्यावरचं नाव पाहिलं, आणि आपली इटालियन तिच्यापुढं धरली. "आधी ही मार. मग बोलू."

तिनं मारली. तबकडी फुटली, काळा धूर व्हावा तशी. आणि दार पुन्हा लागलं, बोट पुन्हा चौकटीत, पण तिनं चेहरा तसाच ठेवला. मग तिनं खिशातली हलकी काडतुसं भरली, मुद्दाम मागवलेली, निम्मा धक्का देणारी. पहिला बार निघाला, आणि रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन तिथंच उभं राहिलं, धुराड्यासारखं.

"हलकं चालत नाही हिला," एल्डन म्हणाला. "धक्का बसला तरच पुढचं उचलते ती. व्हर्लिनसारखी आहे. लाथ मारल्याशिवाय कामाला लागत नाही."

"तू गप रे," व्हर्लिन म्हणाला.

मग तुर्की. नेहमीच्या काडतुसानं ती चालली, आणि धक्का खरोखर वेगळा होता: ठोसा नाही, तळहातानं ढकलल्यासारखा. दुखलं, पण दुखणं येऊन गेलं, थांबलं नाही. असे दिवसभर दहा-बारा बार मात्र तिच्यानं झाले नसते. तिनं हलकी भरली. पहिल्याला अडकली. काढून पुन्हा भरलं. दुसऱ्याला चालली, तिसऱ्याला अडकली. मागं कुणीतरी खोकलं. रांगेत अडकलेली बंदूक म्हणजे सगळी रांग थांबते, सगळे मान वळवतात, आणि तोपर्यंत पक्षी निघून गेलेले असतात.

"नवीन आहे," एल्डन म्हणाला. "आत घट्ट आहे सगळं. स्वस्तातल्या अशाच येतात. महागाच्या कारखान्यातच मोकळ्या करून देतात, त्याचेच तर पैसे. आधी जड काडतुसांचे तीन-चार डबे झाड हिच्यातून, हंसांसाठीची असतात ना ती. मग मोकळी होईल. मग हलकं काय, वाटाणे घातले तरी गिळेल."

"चार डबे? या खांद्यानं?"

"मग दुसऱ्या कुणाच्या खांद्यानं."

 मागता आलं असतं. क्लबवरचा कुणीही हसत हसत झाडून देईल. पण मागायचं म्हणजे वाक्य पूर्ण करावं लागलं असतं, माझ्यानं होत नाही, आणि ते वाक्य एकदा बाहेर पडलं की गावभर तेच तिचं नाव झालं असतं. ती आत गेली, मटणाची काडी घेतली, खाल्ली नाही. व्हर्लिन समोर येऊन बसला. तो टेबलाकडे बघत म्हणाला,

"मी देतो म्हटलं होतं ना वरची."

"मला नको होती."

"का?"

"ही पुरेल."

"किती दिवस?"

 तो मोठा माणूस, हाताचे पंजे फावड्यासारखे. त्यातल्या एकानं तो बिस्किटाचा चुरा करत होता. "बाबांनी शेवटी ती छोटी बरणी आणलेली, आठवतं?" तो म्हणाला. "हेरिंगची." तिनं मान वर केली. त्यानं ती पाहिली होती हे तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं. "मला तेव्हा वाटलेलं, घ्यावी आणि भिंतीवर फोडावी. मोठी ठेवलीस ती तू होतीस होय? मला वाटलं लवॉननं ठेवली." मग आवाज बदलून, रांग लावतानाच्या आवाजात: "हे बघ, पुढच्या शनिवारी ती अडकत असेल तर तू टोकाला उभं राहायचंस. पंधरा माणसं थांबवून नाही ठेवणार मी."

"मी चालणार आहे."

"अडकली नाही तर चाल."

"तू मला टोकाला घालायला बसलायस."

"मी?" तो म्हणाला. "मी घालतोय? मरायच्या हिशोबानं बंदूक तू आणलीस, आर्डिस, मी नाही."

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ती उठली. बाहेर गाडीपाशी तो मागून आला, तिच्या हातातलं खोकं धरलं. "कारखान्याचं ग्रीस भरलंय आत. धुऊन ठेवतो. शनिवारी शेतावरच घे."

"ग्रीस मला धुता येतं."

"येतं, माहितीये. दे इकडे."

तिनं दिलं, कारण भांडायला लागणारं सगळं आत टेबलावर संपलं होतं.

मोसमाला अजून दहा दिवस होते, ते तिनं कचेरीत काढले. वॉटरटाउनकडच्या छपरांचे फोटो येत होते. खड्डे, खडूचे गोल, कुणाच्यातरी बुटाचं टोक. एका फोटोत छपरावर एक बाहुली पडलेली, तिचं कारण कुणी लिहिलं नव्हतं. तिनं शेवटच्या रकान्यात आकडे भरले. दहा. सहा. एक. रात्री स्वप्नात ती रांगेतून चालत होती आणि मक्याला टोक नव्हतं. पक्षी पुढं पळत होते, पळत होते, त्यांच्या पायांचा वाळक्या पानांवरचा आवाज पावसासारखा, आणि कुणालाच उडायची गरज पडत नव्हती. जाग आली तेव्हा तिला भीती वाटत नव्हती. उलट स्वप्न संपल्याचं वाईट वाटलं.

शनिवारी दारापुढं पिकअप गाड्या, नारिंगी जाकिटं, एकाच्या ताटात दुसऱ्याचं कुत्रं. गरम कॅसरोल, हॅम घातलेले पाव, वड्या. लवॉननं तिला कवेत घेतलं, उजवी बाजू बरोबर टाळून, आणि कानात म्हणाली, "तो काल रात्री झोपला नाही, दर वर्षीसारखा. तू लक्ष देऊ नकोस त्याच्याकडे." बंदुका ओट्यावर ओळीनं होत्या. तिची सहावी. व्हर्लिन लांबूनच म्हणाला, "तुझी धुतलीये," आणि कुत्र्यांवर ओरडायला गेला. त्यानं रांग लावली. नावं घेत गेला. तिचं नाव तिसरं आलं, त्याच्या शेजारचं, चालणाऱ्यांत. टोकाला कुणाकुणाला पाठवलं ते तिनं ऐकलं नाही.

बारा वाजल्याशिवाय बार काढायचा नसतो. सगळे मक्याच्या कडेला उभे, हातात बंदुका, बोलणं बंद. तिच्या उजव्या खिशात नेहमीची काडतुसं होती आणि डाव्यात हलकी. नेहमीची भरायची असं ती गाडीत ठरवून आली होती: दोन बार सहन करायचे, मग नुसतं चालायचं, कुणाला कळणार नाही. गावातल्या पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाऱ्यावर तुटत तुटत आला. हात खिशात गेला, आणि तो डावा होता. तिनं हात काय करतोय ते पाहिलं, त्याला थांबवलं नाही. एक, दोन, तीन आत गेली. अंगठा कडेला लागला नाही. कड घासून गुळगुळीत केलेली होती. ग्रीस धुताना करतात काही जण.

मका डोक्याच्या वर. आत शिरलं की उजेड पिवळा आणि आवाज जवळचे होतात. स्वतःचा श्वास, पानांची धार, डावीकडे व्हर्लिनच्या बुटांचं करकरणं. पुढं काहीतरी पळत होतं. पळतंय हे कळत होतं, दिसत नव्हतं. चालताना बंदुकीचं नाक खाली ओढत होतं, गार्थ म्हणाला होता तसं, आणि दंडाच्या त्या मुक्या पट्ट्याला ते कळत नव्हतं, मनगटाला कळत होतं. आता मी विचार करत नाहीये, असा विचार तिच्या मनात आला. टोकाजवळ मका विरळ झाला. मग एकदम डावीकडून, व्हर्लिनच्या पायातून, पंखांचा तो आवाज, कुणी सतरंजी झटकावी तसा, आणि कुणीतरी ओरडलं, "कोंबडी," सगळ्यांनी नळ्या वर केल्या, मादी निघून गेली. तिच्यामागं दुसरा. "कोंबडा." लांब शेपूट, गळ्याभोवती पांढरी रेघ, उन्हात तांब्याचा. व्हर्लिनचा होता तो, सरळ समोरून, पोरानंही पाडला असता. व्हर्लिननं बंदूक उचलली, खांद्याला लावताना जरा अडखळला, बार काढला, चुकला. दुसरा काढलाच नाही.

पक्षी तिच्याकडे वळला. तिनं बार काढला, तो पक्ष्याच्या मागून गेला. आणि तिला कळायच्या आत, खांद्यावर नुसता तळहात टेकवल्यासारखं झालं, रिकामं काडतूस उजवीकडे उडालं, पुढचं आत बसल्याचा आवाज आला, साधा, कपाटाचं दार लागल्याचा. तिनं नळी त्याच्यापुढं नेली. दुसरा बार. तो हवेतच दुमडला आणि तिसऱ्या माणसाच्या पलीकडे पडला.

"व्हर्लिन," पलीकडून एल्डनचा आवाज, "ती इटालियन मला विक आता. चष्म्याचे पैसे सुटतील."

"सूर्य होता डोळ्यात."

"सूर्य मागं आहे बाबा."

रांगभर हसणं पसरत गेलं. तिनं बंदुकीकडे पाहिलं. तिसरं काडतूस आत होतं, तयार. कुत्रं पक्षी घेऊन आलं, तिच्याऐवजी व्हर्लिनला दिला, आणि व्हर्लिननं तो डाव्या हातानं तिच्याकडे फेकला. इटालियनही त्यानं डाव्याच खांद्यावर टाकली होती. पक्षी गरम होता. त्याच्या पिसांत मक्याची धूळ होती. तिनं तो जाकिटाच्या मागच्या खिशात घातला, कमरेशी ऊब लागली.

"ठीक चालली की," ती म्हणाली.

"ग्रीस असतं हो त्यांच्यात फार," व्हर्लिन म्हणाला. "चला, पुढचा पट्टा. रांग लावा. आर्डिस, तू जरा उजवीकडे सरक, फार जवळ येतेस माझ्या."

ती सरकली. पुढच्या पट्ट्याचं टोक लांब होतं, इथून दिसत नव्हतं. ती चालू लागली.

आदल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर कपडेही न बदलता, व्हर्लिन ती तुर्की बंदूक आणि हंसांसाठीच्या जड काडतुसांचे चार डबे घेऊन जुन्या खडीच्या खाणीत एकटा गेला होता, आणि लवॉननं दोनदा जेवायला फोन करूनही डबे संपेपर्यंत परत आला नव्हता.